जाग आणि जागा

आमच्या तिवसा तालुक्यात शेतीच्या तंट्यांचे मूळ बहुधा धुऱ्यात सापडते. देशावर ज्याला बांध म्हणतात तो वऱ्हाडात धुरा. आणि दोन वावरांमधल्या त्या हात-दीड हात रुंदीच्या, गवताने माजलेल्या, कुणाच्याच नांगराखाली न येणाऱ्या पट्टीच्या दोन्ही अंगांना जे दोन कास्तकार राबतात, ते एकमेकांचे धुरेकरी. हे नाते सोयरिकीहून जुने आणि भावकीहून तापट असते. माझ्या वडिलार्जित शेताच्या उगवतीकडील धुऱ्यावरून गेल्या वैशाखात असाच एक तंटा उभा राहिला, तेव्हा माझ्या धुरेकऱ्याने पारावर चार माणसांदेखत मला सुनावले, "गुरुजी, माह्या बुढ्याच्या वक्तापासून हा धुरा अठीच हाये." मी म्हटले, माझ्यापाशी मोजणीचा नकाशा आहे. तो म्हणाला, "नकाशा कागदावर हाये, धुरा वावरात हाये." या उत्तरातले तत्त्वज्ञान त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही, रागच अधिक आला.

त्याच आठवड्यात पुण्याहून माझा भाचा सुटीसाठी आला. संगणकाच्या ज्या अंतर्भागावर तो काम करतो त्यास 'कर्नल' म्हणतात, आणि हे कर्नल पलटणीतले नव्हेत एवढे मला पटवून देण्यात त्याची पूर्वी एक अख्खी दिवाळी खर्ची पडली होती. कर्नल म्हणजे गाभा, मगज. यंत्रातल्या सर्व व्यवहारांचा तो मुखत्यार. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नामक विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ज्याचा आरंभ केला आणि आज जगातली असंख्य यंत्रे ज्याच्या भरवशावर चालतात, त्या लिनक्स कर्नलच्या अगदी पहिल्या काही क्षणांची देखरेख हा भाच्याचा प्रांत. रात्री अंगणातल्या लिंबाखाली खाटेवर बसून तो एका हटवादी यंत्राशी झुंजत होता. यंत्र सुरू होता होताच थबके. काळ्या पडद्यावर दहा-वीस ओळी झरझर उमटत आणि मग सगळे निश्चल. काय झाले म्हणून विचारले तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "मामा, हाही धुऱ्याचाच झगडा आहे. एकाच जागेवर दोघांनी नाव लावलंय, आणि न्याय करणारा अजून उठायचाय."

न्याय करणारा अजून उठायचा आहे, आणि जागेवर हक्क मात्र आधीच सांगितले गेले आहेत! या एका वाक्याने माझी झोप उडाली. यंत्राचे काय व्हायचे ते होवो, पण सत्ता जागी होण्यापूर्वीच्या काळात 'हे माझे' या उद्गाराला काय प्रामाण्य आहे, हा प्रश्न यंत्राहून पुरातन होता, आणि त्याचे उत्तर माझ्या नकाशात नव्हते हे मला अंधुकपणे जाणवू लागले होते.

भाच्याने जे समजावले ते माझ्या भाषेत मांडतो. संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक दिलेल्या चिमुकल्या घरांची एक लांबच लांब ओळ. सोळा गिगाबाइटांची स्मृती असेल तर अशी घरे १,७१७ कोटींहून अधिक भरतात. कर्नल पुरता जागा झाला की या घरांचे वाटप तो अत्यंत चोखपणे करतो: ४,०९६ घरांचे एकेक पान, मागेल त्याला देणे, काम संपताच परत घेणे, एकाच्या ताब्यातले दुसऱ्याला न देणे. परंतु कर्नल जागा होण्याआधी यंत्र ओसाड नसते. वीज येताच प्रथम उठते ते यंत्राच्या अंगात कायमचे कोरलेले फर्मवेअर. ते आपले तक्ते स्मृतीत कुठेतरी मांडून ठेवते. मग बूटलोडर येतो. तो कर्नलचा देह उचलून एका जागी आणून टाकतो, शेजारी त्याच्या पहिल्या प्रवासाची शिदोरी ठेवतो, आणि त्याला द्यावयाच्या आज्ञांची चिठ्ठीही एका कोपऱ्यात सारतो. गावठाण मोजले जाण्यापूर्वीच कुणी विहीर खणली आहे, कुणी थडगे बांधले आहे, कुणी दगडाला शेंदूर फासून म्हसोबा बसवला आहे, आणि मोजणीदार साखळी घेऊन त्यानंतर येतो आहे, असा हा प्रकार आहे.

त्यात आणखी एक मौज आहे. स्मृतीचा हिशेब ठेवायचा तर हिशेबाची वहीसुद्धा स्मृतीतच ठेवावी लागते; आणि वहीला जागा द्यायची तर त्या जागेची नोंद आधी वहीत हवी. आपल्या नैयायिकांनी अशा पेचांना आत्माश्रय, अन्योन्याश्रय, अनवस्था अशी नावे देऊन ते दोष म्हणून मोडीत काढले. कर्नलला मात्र दोष दाखवून घरी जाण्याची सोय नाही, त्याला उठावेच लागते. म्हणून तो आपल्या देहातच कोऱ्या रकान्यांच्या दोन याद्या बांधून आणतो, एक 'स्मृती कुठे कुठे आहे' याची आणि दुसरी 'त्यातली राखीव कोणती' याची, प्रत्येकीत १२८ रकाने. या व्यवस्थेला 'मेमब्लॉक' म्हणतात. रकाने भरले की यादी दुपटीने वाढते, आणि वाढलेल्या यादीसाठी जागा शोधायची ती जुन्या यादीच्याच आधाराने. सापडलेली जागा लगेच राखीव म्हणून चढवायची. पटवाऱ्याने चावडीची जागाही दप्तरात दाखल करावी तसे हे झाले. अनवस्थेला शेवटी एक आरंभबिंदू मानावाच लागतो, मग त्याला ईश्वर म्हणा वा १२८ रकाने.

आता तंट्याकडे येतो. फर्मवेअर कर्नलला स्मृतीचा एक नकाशा देते. त्याला 'ई-८२०' असे रुक्ष नाव आहे, कारण नकाशा मागताना तोच संकेतांक उच्चारावा लागतो. (आमच्या वऱ्हाडात 'ई-क्लास' म्हणजे सरकारी गायरान, तेव्हा 'ई' म्हटले की तंटा आलाच, अशी माझी समजूत या योगायोगाने दृढ झाली.) या नकाशात अमुक पट्टा वापरण्याजोगा, अमुक राखीव, अमुक निकामी असे शेरे असतात, आणि जगातल्या सगळ्या नकाशांप्रमाणे हाही चुकतो. एकच पट्टा एका ओळीत वापरण्याजोगा म्हणून दाखवलेला असतो आणि दुसऱ्या ओळीत राखीव म्हणून. अशा वेळी कर्नल कुणाची साक्ष काढीत नाही. प्रत्येक शेऱ्याला एक आकडा आहे, वापरण्याजोग्याला एक, राखीवाला दोन, असे चढत; आणि दोन शेरे एकमेकांवर आले की मोठ्या आकड्याचा शेरा खरा धरायचा, हा त्याचा दंडक. अर्थात परवानगी आणि निषेध यांत निषेध बलवान. वापरायची जागा न वापरल्याने थोडे नुकसान होईल. न वापरायची वापरल्याने सर्वनाश होईल, आणि तोही ताबडतोब न होता तिसऱ्या दिवशी, कारण न कळेल अशा रीतीने.

हा दंडक धर्मनिष्ठ माणसाला परिचित आहे. परक्याच्या धनाविषयी संशय आला की ते परकेच समजावे, अन्न भक्ष्य की अभक्ष्य असा संदेह पडला की ते टाकावे, ही आपल्या आजीपणजींची शिकवण त्याच गणितावर उभी होती. लिनक्सच्या कर्त्यांनी तर २०२१ मध्ये, हा ई-८२० नकाशा वापरणाऱ्या प्रचलित यंत्रजातीपुरता, असा निर्णय घेतला की स्मृतीचे पहिले एक मेगाबाइट, फर्मवेअर त्याविषयी काहीही म्हणो, आरंभीच राखून ठेवायचे. कारण त्या मुलखात फर्मवेअर स्वतःच्या नकाशात 'मोकळे' म्हणून लिहून दिलेल्या जागेवरही चोरपावलांनी येऊन खरडून जाते, असा अनुभव वर्षानुवर्षे येत राहिला होता. गावच्या वेशीबाहेरच्या एखाद्या चिंचेखाली रात्री कुणी थांबत नाही. तिथे काय आहे हे कुणाला ठाऊक नसते, परंतु थांबणाऱ्यांचे काय झाले हे ठाऊक असते.

इथवर मी भाच्याशी सहमत होतो, किंबहुना मनातून खूषही होतो. कारण या न्यायाने धुऱ्याची शंकास्पद पट्टी माझ्या नकाशात राखीव होती, म्हणून ती माझीच. पण मग त्याने मला २००८ सालच्या सुमाराची एक हकीकत सांगितली आणि माझा सारा आनंद मावळला.

एक मेगाबाइटाच्या खालच्या त्या बदनाम मुलखात फर्मवेअर आपले एक गाठोडे ठेवते, आणि ते नेमके कुठून सुरू होते हे दोन ठिकाणी लिहून ठेवते. दोन्ही ठिकाणच्या नोंदी जुळतीलच असे नाही. काही जुन्या यंत्रांत तर गाठोडे असे पण नोंदच नसे. आणखी एका जातीच्या यंत्रांत तिथले एक पान बहुधा आपोआप राखले जाई, परंतु यंत्राला जुन्या धाटणीचा माउस जोडलेला नसेल तर राखले जात नसे! असल्या विक्षिप्त अनुभवांनी पोळलेल्या कर्नलने एक सरसकट उपाय केला होता: गाठोडे जिथून सुरू होईलसे वाटते तिथून थेट मेगाबाइटाच्या हद्दीपर्यंतचा सगळा पट्टा 'असू द्या' म्हणून राखून टाकायचा. त्या पट्ट्यात खरोखर काय आहे हे त्याला माहीत नव्हते; भय होते, म्हणून राखणूक होती. पुढे असे झाले की काही नव्या यंत्रांत त्याच पट्ट्याच्या आत एक खरोखरीची, नाव-गाव असलेली चीज येऊन बसली. बूटलोडरने आणून ठेवलेला तक्ता, ज्याच्यावाचून कर्नलचे पुढे चालणार नव्हते. तिच्यासाठी राखणुकीची दुसरी दरखास्त आली. कर्नलने वही उघडली, पाहिले की या जागेवर आधीच नाव लागले आहे, आणि त्याने काय केले? दोन राखणुका एकमेकींवर येतात असे ओरडून जागच्या जागी प्राण सोडला. त्याच्या भाषेत याला 'पॅनिक' म्हणतात. दोन्ही नावे वस्तुतः एकाच हेतूची होती, जागा कुणी वापरू नये हाच दोन्हींचा आग्रह. आणि तरीही केवळ 'माझे आधी' या तत्त्वाने यंत्र उठण्यापूर्वीच मेले.

यावर काढलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. वहीत राखणुकीच्या दोन जाती केल्या. एक, जिथे खरोखर कुणी राहते. तिच्यावर कुणी आले तर तो अपराध, तिथे तडजोड नाही. दुसरी, जी भयापोटी, अंदाजाने, 'असू द्या' म्हणून घातली आहे. तिच्यापुढे शेरा मारायचा की हिच्यावर कुणी आल्यास हरकत नाही. आणि प्रत्यक्ष वास्तव्याची राखणूक आली की भयाच्या राखणुकीला तेवढ्यापुरते कापायचे: मधला तुकडा येणाऱ्याला द्यायचा, वरचा आणि खालचा तुकडा भयाकडेच, त्याच्याच नावाने, राहू द्यायचा. भयाला हुसकले नाही, खोटेही ठरवले नाही. त्याला फक्त आखडते घ्यायला लावले. २०१० मध्ये ही जुनी वही जाऊन तिच्या जागी मेमब्लॉक आला, तो अशा दोन राखणुका निमूटपणे एकत्र करून टाकतो. परंतु त्या आधीच्या व्यवस्थेत जो विवेक उघडपणे मांडलेला दिसतो तो या नव्या निमूटपणात दिसत नाही, असे माझे मत आहे. भाच्याला ते मान्य नाही. त्याच्या मते वही जितकी कमी बोलेल तितकी बरी.

संगणकाच्या स्मृतीतला वाद ऐकता ऐकता मला आपल्या स्मृतींची आठवण व्हावी हे शब्दसाधर्म्यामुळेच झाले असेल. पण कपाटातला याज्ञवल्क्य काढून व्यवहाराध्याय उघडला तेव्हा तिथे हाच तंटा निवाड्यासह बसलेला दिसला. अर्थविषयक सर्व वादांत नंतरची क्रिया बलवान, असे तो ऋषी सामान्यतः सांगतो. ऋण घेतले आणि पुढे फेडले, तर फेडल्याचा पुरावा घेतल्याच्या पुराव्याला मागे सारतो. परंतु गहाण, दान आणि खरेदी या तिहींत मात्र आधीची क्रिया बलवान. कारण एकदा एकाला गहाण दिलेले शेत दुसऱ्याला गहाण द्यायला मुळात मालकाच्या हाती काही उरलेलेच नसते. नंतरचा आधीच्याला हटवतो की आधीचा नंतरच्याला, याचे उत्तर काळाच्या क्रमात नाही. ते त्या क्रियेच्या स्वभावात आहे.

त्याहून मर्मी वचन पुढे येते. हक्काचा मूळ लेख, ज्याला तो आगम म्हणतो, आणि प्रत्यक्ष वहिवाट, ज्याला तो भोग म्हणतो, यांत आगम श्रेष्ठ. पूर्वजांपासून चालत आलेला भोग मात्र त्याला अपवाद. आणि उलट, जिथे लेशमात्रही भोग नाही तिथे आगमाच्याही अंगी बळ नाही. मालक डोळ्यांनी पाहत असता आणि तोंडाने ब्र न काढता परक्याने वीस वर्षे जमीन भोगली, तर मालकाची हानी होते, असेही तो बजावतो. या वचनांवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणी नगरीत, म्हणजे मराठी मुलखाच्या उंबरठ्यावर, बसून लिहीत होता. त्याने हानी जमिनीची की केवळ तिच्या उत्पन्नाची असा सूक्ष्म खल केला आहे आणि पारडे मालकाच्या बाजूने शक्य तितके झुकवले आहे. तरीही ते सारे वाचताना मला नकाशा दिसेना, पारावरचा तो माणूस दिसू लागला. 'नकाशा कागदावर हाये, धुरा वावरात हाये' असे म्हणणाऱ्याने याज्ञवल्क्य वाचलेला नव्हता. फक्त भोगाच्या बाजूचा युक्तिवाद त्याने सहा शब्दांत उरकला होता.

मीमांसकांनी याच प्रश्नावर जे रान उठवले त्यात शिरलो तर बाहेर येण्याची वाट सापडायची नाही. एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. ज्योतिष्टोम यज्ञात ऋत्विज एकामागे एक, पुढच्याचे वस्त्र धरून, बाहेर पडतात. उद्गात्याच्या हातून वस्त्र सुटले तर यज्ञ दक्षिणेविना पुरा करून पुन्हा करायचा. प्रतिहर्त्याच्या हातून सुटले तर सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यायचे. दोघांच्याही हातून एकापाठोपाठ सुटले तर? दक्षिणा मुळीच न देणे आणि सर्वस्व देणे एकाच वेळी घडणार कसे? जैमिनीचा निर्णय असा की नंतरच्याचे प्रायश्चित्त खरे. परंतु याच शास्त्रात दुसरा न्यायही आहे: ज्या पहिल्या वाक्याच्या वेळी विरोधक जन्मालाच आलेला नव्हता, ते वाक्य नंतरच्यापेक्षा प्रबळ. पुढे सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी आरंभाच्या प्राबल्याची बाजू घेऊन एक ग्रंथच लिहिला आणि मध्वमताच्या विजयींद्रतीर्थांनी उपसंहाराच्या बाजूने त्याला उत्तर दिले. द्वैत खरे की अद्वैत, हा वाद अशा रीतीने पहिला हक्क कुणाचा या वादावर येऊन टेकला होता. ज्यांना हे केवळ शब्दच्छल वाटते त्यांनी एकदा धुऱ्याचा दावा लढवून पाहावा.

पण आमच्या तालुक्याला ग्रंथांची इतकी गरज नाही. आमच्यापाशी कौंडण्यपूर आहे. वर्धेच्या काठचे हे गाव विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध. आषाढीला इथून तिची पालखी पंढरीला जाते. भागवताच्या दशम स्कंधातली आणि एकनाथांनी मराठीत आणून घरोघरी पोहोचवलेली ही कथा मी शेकडो वेळा ऐकली आणि वाचली असेन, परंतु ती दोन राखणुकांच्या टकरीची कथा आहे हे त्या रात्रीपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. रुक्मीने आपल्या बहिणीला शिशुपालासाठी राखून ठेवले. ते काही शिशुपालाच्या प्रेमाने नव्हे, कृष्णाच्या द्वेषाने. कृष्णाला मिळू नये म्हणून घातलेली ती राखणूक. तिच्या मुळाशी कुणाचेच वास्तव्य नव्हते. दुसरीकडे रुक्मिणीने मनोमन कृष्णाला वरले होते, आणि तशी चिठ्ठी देऊन ब्राह्मणाला द्वारकेस धाडले होते. पहिलीला राजाचा हुकूम, वऱ्हाड, मुहूर्त, मांडव सगळे होते. दुसरीला एका मुलीच्या मनावाचून दुसरा दाखला नव्हता. काळाने पाहिले तर रुक्मिणीचे आधी. दप्तराने पाहिले तर शिशुपालाचे. अंबिकेच्या देवळाबाहेर कृष्णाने रुक्मिणीचे हरण केले आणि निवाडा झाला तो वास्तव्याच्या बाजूने. आणि कथेतला सर्वांत बोलका तपशील पुढचाच आहे: कृष्णाला जिंकल्याशिवाय कौंडण्यपुरात पाऊल ठेवणार नाही अशी प्रतिज्ञा करून निघालेला रुक्मी हरला, आणि त्याला स्वतःच्या नगरीत परतता येईना; भोजकट वसवून तिथे राहावे लागले. दुसऱ्याला मिळू नये म्हणून जागा अडवणाऱ्याच्या हातून स्वतःचीच जागा गेली.

जाता जाता सांगतो, ते अंबिकेचे देऊळ नेमके कोणते, यावरही आमच्याकडे तंटा आहेच. कौंडण्यपूरचे लोक आपल्या टेकडीवरचे देऊळ दाखवतात, अमरावतीकर आपल्या अंबादेवीचे. आणि रुक्मिणीचे माहेर म्हणाल तर दूर अरुणाचलातले भीष्मकनगरही तो मान मागते. मात्र या तंट्यात आजवर कुणी पॅनिक होऊन पडल्याचे ऐकिवात नाही. अमरावतीत अंबेची ओटी भरणारी बाई कौंडण्यपुरालाही तितक्याच भावाने जाते. भक्तीच्या वहीत एकाच जागेवर दोन नावे चालतात, तिथे पहिल्यापासूनच 'हरकत नाही' असा शेरा आहे.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत अस्वस्थ केले तिच्याकडे वळतो. मी भाच्याला विचारले, इतक्या सगळ्यांत सर्वांआधी राखायचे काय? फर्मवेअरचे तक्ते, शिदोरी, आज्ञांची चिठ्ठी, यांत अग्रमान कुणाला? तो म्हणाला, "कुणालाच नाही मामा. पहिली नोंद कर्नलची स्वतःची. आपला देह कुठून कुठवर आहे ते आधी वहीत लिहायचं, नाहीतर पहिल्याच वाटपात तो स्वतःलाच कुणाला तरी देऊन टाकेल." आणि कोणतेही वाटप करण्यापूर्वी सर्व राखणुका झालेल्या असल्या पाहिजेत, हाही दंडक त्याने जोडला, दान देण्याआधी आपले काय आणि दुसऱ्याचे काय हे ठाऊक हवे.

संतांनी 'मी' टाका म्हणून सांगितले आणि आम्ही शतकानुशतके माना डोलावल्या. परंतु सांख्यांच्या मांडणीत महत्तत्त्वातून अहंकार निघतो आणि अहंकारातून पुढची सारी सृष्टी. म्हणजे पहिली नोंद तिथेही 'मी'चीच आहे, आणि ती नसेल तर जग उभेच राहत नाही. मग दोष कुठे आहे? मला वाटते, दोष देहाची हद्द नोंदवण्यात नाही. कर्नल आपल्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत राखतो, आणि तिथे थांबतो. आम्ही थांबत नाही. आमच्या 'मी'भोवती एक मोठा पट्टा असतो, ज्यात आम्ही राहत नाही, ज्याचा आम्हाला उपयोग नाही, ज्यात काय आहे हेही आम्ही कधी पाहिलेले नाही; पण उद्या लागेल, कुणी घेईल, पोरांना पुरणार नाही, अशा भयाने तो राखलेला असतो. 'माझे' या शब्दाचा बहुतेक विस्तार या दुसऱ्या जातीचा आहे. त्यावर खरोखर कुणी राहायला आला की आम्हाला ते अतिक्रमण वाटते, आणि आम्ही याज्ञवल्क्य काढून आगमाची वचने वाचू लागतो. 'मी' सोडण्याची भाषा थोरांनी करावी. माझ्यासारख्याने निदान आपल्या वहीत कोणती नोंद देहाची आणि कोणती भयाची एवढा शेरा तरी प्रामाणिकपणे मारावा, इतकीच अपेक्षा मला झेपणारी आहे.

भयाची प्रत्येक राखणूक मात्र खोटी नसते, हेही त्याच रात्री कळले. पुष्कळ मोठ्या यंत्रांत उठतानाच एक पट्टा अशा दुसऱ्या कर्नलसाठी बाजूला काढतात की जो पहिला मेल्यावरच जागा होतो, आणि पहिल्याच्या मरणाचा पंचनामा करून ठेवतो. हे भय नव्हे. याला आपण मृत्युपत्र म्हणतो.

आणि ज्या पटवाऱ्याने हे सारे तंटे मिटवले त्याचे पुढे काय होते? कर्नल पुरता जागा झाला की मेमब्लॉक उरलेली सगळी मोकळी जागा कायमच्या वाटपकाराच्या स्वाधीन करतो. आणि आरंभापुरताच ज्यांचा उपयोग होता ते कर्नलचे भाग स्वतःच मोकळे केले जातात, त्यांच्या जागेवर उद्या कुणीही राहील. पडद्यावर त्याची एक कोरडी ओळ उमटते: इतकी स्मृती मोकळी केली. आत्मबोधात निवळीच्या बियांचा दृष्टान्त आहे. त्यांची पूड गढूळ पाण्यात टाकली की ती गाळाला घेऊन तळाशी जाते आणि स्वतःही मागे उरत नाही. दहा मैलांवर मोझरीच्या गुरुकुंजात, जिथे १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी आश्रम उभारला, सामुदायिक प्रार्थनेच्या वेळी समोर मूर्ती नसते, एक आसन असते. ते कुणासाठी राखलेले आहे हे लहानपणी मी वडिलांना विचारले होते. ते म्हणाले, "तिथं कुणी बसू नये म्हणून नाही, तिथं कुणीच बसत नाही म्हणून सगळ्यांना बसता येतं." तेव्हा ते मला कोडे वाटले होते.

भाच्याचे यंत्र तिसऱ्या दिवशी उठले. चूक एका अंदाजी पट्ट्याचीच निघाली. त्यानंतर मी वडिलांच्या जुन्या ट्रंकेतून शेताचे सगळे कागद काढून एकदा नीट वाचले. ज्या दोन हातांसाठी मी भांडत होतो ते मोजणीच्या मूळ नकाशात नव्हतेच. आजोबांनी केव्हातरी नाल्याच्या पुराच्या धास्तीने आपल्या हाताने पेन्सिलीची एक रेघ बाहेरच्या अंगाला ओढली होती, आणि वडिलांनी तीच शाईने गिरवली होती. मोजणीचा नवा अर्ज मी परत घेतला. यंदा माझ्या धुरेकऱ्याने धुऱ्याच्या कडेने तुरीचे एक तास घातले आहे, आणि ते माझ्या बाजूला चांगले हातभर झुकले आहे.